मानवळीची नोंद

३ फेब्रुवारी

ती. आत्या आणि ती. आतोबा,

दोघांना एकाच कागदावर नमस्कार. कागद शब्दकोशाच्या कचेरीचा आहे आणि आमचे साहेब कागद देताना हात फार आखडता घेतात.

फोन न करता पत्र लिहितोय याची दोन कारणं. एक म्हणजे फोनवर आत्याला सगळं ऐकू येतं पण ती ऐकून घेत नाही, आणि आतोबांना ऐकून घ्यायचं असतं पण ऐकू येत नाही. दुसरं कारण असं की आमच्याकडे तोंडी माहिती चालत नाही. शब्दाचा अर्थ जाणकाराने लिहून द्यावा लागतो, खाली सही लागते, आणि तो शब्द कुणीतरी स्वतःच्या हाताने वाक्यात वापरलेला दाखवावा लागतो. वाक्य नाही तर शब्द नाही, अशी आमची पद्धत आहे. भले भले शब्द या पायी बाहेर राहिलेत.

आम्ही सध्या 'म'मध्ये आहोत आणि 'मान'ने आमचा जीव काढलाय. मानकरी झाले, मानधन झालं, आता 'मानवळ' आलाय. जुन्या चिठ्ठीवर फक्त एवढंच आहे: 'ऑर्किडवाल्यांचा शब्द. चौकशी करावी.' चौकशी करणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि चिठ्ठी राहिली. साहेबांच्या मते हा मानेचा विकार असावा. पण त्यांची स्वतःची मान दुखते, त्यामुळे त्यांना सध्या सगळीकडे मानच दिसते.

मला मात्र आठवलं की सुट्टीत तुमच्याकडे आलो की तुम्ही दोघं हा शब्द सर्रास वापरायचात. "मानवळ झाली का गं?" असं आतोबा चहाच्याही आधी विचारायचे आणि मला वाटायचं, घरात कुणीतरी आजारी आहे. तर दोन ओळींत अर्थ लिहा आणि खाली दोघांच्या सह्या करून पाठवा. काम किरकोळ आहे असं मी साहेबांना सांगून बसलोय.

तुमचा,
शब्दोबा


९ फेब्रुवारी

चि. शब्दोबा,

सुखी राहा आणि जरा जाड हो. तुझं पत्र वाचून बरं वाटलं. सरकारी कामात का होईना, आत्या आठवली.

लिहून घे. ऑर्किडच्या फुलात एक पाकळी बाकीच्यांहून निराळी असते, तिला आम्ही ओठ म्हणतो. किड्याने येऊन टेकायचं ते ह्या ओठावर. पण कळी कोवळी असते तेव्हा ओठ वरच्या अंगाला असतो. छताला लावलेल्या पाटावर कोण बसणार? म्हणून उमलायच्या आधी कळी आपल्या देठावर हळूहळू फिरते आणि ओठ खाली आणते. त्या फिरण्याला मानवळ म्हणायचं. झालं तुझं काम.

एवढं लिहून मी कागद ह्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, सही करा. तर ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चष्मा पुसला की मी ओळखते, आता वाद निघणार. म्हणाले, "फिरण्याला नाही. ओठ खाली आला, ह्या स्थितीला मानवळ म्हणायचं. ओठ वर असेल तर मानवळ नाही."

आता तुला आमच्या नवीन झाडाचं सांगायला हवं. नवीन म्हणजे आणून आठ वर्षं झाली, पण फुललं नाही म्हणून नवीनच म्हणायचं. ह्याच्या फुलाचा ओठ वर असतो, असं रोपवाल्याने फोटो दाखवून सांगितलं होतं. हे आठ वर्षं म्हणतायत की ही जातच आळशी, कळी फिरतच नाही. आणि मी आठ वर्षं सांगतेय की ही जात सगळ्यांत कष्टाळू आहे. हिची कळी अर्ध्यावर थांबत नाही, पूर्ण फेरा मारते, म्हणून ओठ परत वर येतो. अशा जाती असतात. मी तीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतलेत, पीळ बसलाय की नाही ते माझ्या बोटाला कळतं. फूल येऊ द्या, देठाचा पीळ दाखवते, म्हटलं.

तर म्हणतात कसे, "फिरून जागेवरच आलं, म्हणजे हललंच नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता ते काय करता?"

ह्यावर उठून गेले. कुठे गेले, तर फिरायला.

सही केलेली नाही. माझी एकटीची चालत असेल तर खाली आहे.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

चि. भाचेबुवा यांस,

आशीर्वाद. विषय: मानवळ या शब्दाची व्याख्या. संदर्भ: आपले ३ फेब्रुवारीचे पत्र.

तुझ्या आत्याने एक कागद परस्पर पोस्टात टाकल्याचे समजले. त्यावर माझी सही नाही याची नोंद घ्यावी.

मी सारी नोकरी जमीन मोजण्यात घालवली. शेताच्या हद्दीवरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून यायचे, तेव्हा मी एकच विचारायचो: खुंटी कुठे आहे? ती काल कुठे होती, कोणाच्या मनात कुठे होती, हे मोजणीत येत नाही. दिसते ती जागा खरी. फुलाचा ओठ खाली दिसला तर मानवळ. वर दिसला तर नाही. कळीने मधल्या काळात काय उद्योग केले, हा तिचा खासगी प्रश्न आहे. इतकी सरळ व्याख्या सोडून तुझी आत्या बोटाने पीळ चाचपायला सांगते. कोश म्हणजे शिवणाचा वर्ग नव्हे.

सकाळच्या फिरण्याबद्दल तिने काही लिहिले असेल तर ते विषयाला सोडून आहे.

जाता जाता, माझ्या मानेला डॉक्टरांनी पट्टा दिला आहे. काळजीचे कारण नाही. मात्र मला आता फक्त समोरचे दिसते. तुझी आत्या म्हणते, पूर्वीही तसेच होते.

तुझा,
आतोबा


१६ फेब्रुवारी

ती. आत्या आणि ती. आतोबा,

तुमची दोन पत्रं एकाच दिवशी आली. तिकिटं सारखी, पाकिटं सारखी, पत्ताही एकच. व्याख्या मात्र दोन. साहेबांनी दोन्ही वाचली आणि म्हणाले, जाणकारांचं एकमत होत नसेल तर शब्द गाळा. मार्चअखेर 'म'ची छपाई सुरू होतेय.

गाळायला माझी तयारी नाही. माझं लहानपण ज्या शब्दाने सुरू व्हायचं तो मी कसा गाळू? तेव्हा एक सुचवतो. झाडाला यंदा फुलांचा दांडा आलाय असं आईकडून कळलं. फुलालाच ठरवू द्या. कळ्या फुगल्या की दोघांनी समोर बसून बघा, फिरतात की नाही, आणि काय दिसलं ते एका कागदावर लिहा.

फक्त कुंडी जागची फिरवू नका. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे कमालच आहे, कारण मला हे तुम्हीच शिकवलंत. कळ्या धरल्यावर कुंडी फिरवली की उजेडाची दिशा बदलते, कळ्या भांबावतात आणि फुलं वेडीवाकडी येतात. दहा वर्षांचा असताना मी एकदा फिरवली होती, तेव्हा आत्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती.

तुमचा,
शब्दोबा


२७ फेब्रुवारी

चि. शब्दोबा,

एका कागदावर लिहा म्हणे. इथे एका किटलीतला चहा होत नाही. ह्यांनी स्वतःची वेगळी किटली आणली आहे. तिचं झाकण बसत नाही, पण माघार घेतील ते हे कसले.

बोलणं पूर्ण बंद आहे. गॅस संपला तर मी भिंतीला सांगते आणि हे ऐकतात. वीज गेली तर हे पंख्याला विचारतात आणि उत्तर मला द्यावं लागतं. वीस-बावीस वर्षांची असते तर गंमत वाटली असती. ह्या वयात घर फार मोठं वाटायला लागतं.

म्हणून ठरवलंय. झाड फुलून गेलं की मी तुझ्याकडे राहायला येते. कायमची. चाळीस कुंड्या बरोबर घेईन, बाकीच्या ह्यांना. तुझ्या घराला पूर्वेची खिडकी आहे ना? नसली तर बाथरूमची चालेल, ऑर्किडला दमट हवा आवडते. तुम्ही आंघोळी जरा भराभर आटपा म्हणजे झालं. सूनबाईला मी लिहिते वेगळं.

कळ्या छान धरल्यात. कुंडी काचेच्या पडवीत स्टुलावर मधोमध ठेवलीय. एका अंगाला माझी स्वयंपाकघराची खिडकी, दुसऱ्या अंगाला ह्यांची ती अजस्र खुर्ची. दांडा मात्र माझ्या खिडकीकडे झुकलाय, ह्यांच्याकडून नुसती पानं दिसतात. आणि पट्ट्यामुळे ह्यांना वाकून बघता येत नाही. बघायचं तर अख्खी खुर्ची हलवावी लागते, खुर्ची हलवायला मला हाक मारावी लागते, आणि हाका सध्या बंद आहेत.

आता एक सांगते ते पोटात ठेव. ह्यांची मान वळत नाही, म्हणून कळीची मानवळ ह्यांना बसल्या जागी दिसावी एवढ्यासाठी मी रोज सकाळी कुंडी ह्यांच्या खुर्चीकडे फिरवून ठेवते. हे फिरायला गेले की. फिरवू नये हे मला कळतं, तू शिकवू नकोस. पण माणूस आठ वर्षं झाडाला पाणी घालतो आणि ऐन वेळी पानं बघत बसतो, हे मला बघवेना. शिवाय नंतर म्हणायला नको, मला दिसलंच नाही. प्रयोग म्हणजे प्रयोग.

एक नवल मात्र आहे. सकाळी कितीही फिरवा, संध्याकाळपर्यंत दांडा परत माझ्या खिडकीकडे वळलेला असतो. स्वयंपाकघराचा उजेड ओढत असणार. इतकं जोरकस झाड मी जन्मात पाहिलं नाही.

कुणाला बोलू नकोस. विशेषतः ह्यांना.

तुझी,
आत्या


१ मार्च

चि. भाचेबुवा यांस,

आशीर्वाद. हे पत्र गोपनीय समजावे.

या झाडाच्या बाबतीत शास्त्रात नसलेली एक गोष्ट माझ्या नजरेस आली आहे. दांडा रोज रात्रीतून अर्धा फेरा फिरतो. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे असतो आणि सकाळी मी फिरून आलो की माझ्या खुर्चीकडे. स्टूल हलवले जात असेल असा संशय येऊन मी फीत लावून चारही पायांची अंतरे भिंतीपासून मोजली. स्टूल जागचे केसभरही हललेले नाही. तेव्हा झाडच फिरते हे सिद्ध आहे. याला 'दैनिक मानवळ' असे नाव मी सुचवतो. कोशात घेता आले तर पाहावे.

सकाळी दांडा माझ्याकडे असतो हे मी मोजणीच्या नोंदीप्रमाणे सांगितले. संध्याकाळी तो खिडकीकडे कसा जातो, हे प्रामाणिकपणे सांगणे भाग आहे. ते काम मी करतो. तुझ्या आत्याचे डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक दिसत नाही. खिडकीत मटार सोलत बसते तेव्हा तिथून उजेडात दिसेल तेवढेच दिसते. तिला मानवळ बघायची फार हौस, म्हणून दुपारी ती पडली की मी कुंडी तिच्या खिडकीकडे वळवतो आणि आवाज न करता परत येऊन बसतो. तिचे म्हणणे चूक आहे हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे, इतकाच यातला हेतू आहे.

ती तुझ्याकडे कायमची येणार असल्याचे तिने भिंतीला सांगितले, ते मी ऐकले. तुझ्या घराला पूर्वेची खिडकी आहे का ते कळव. नसावी अशी माझी अपेक्षा आहे.

किटलीचे झाकण बसत नाही. तेही तिला सांगू नये.

तुझा,
आतोबा


६ मार्च

ती. आतोबा,

तुमचं गोपनीय पत्र मिळालं. त्याच्या आदल्या दिवशी मला आणखी एक गोपनीय पत्र मिळालं होतं. कोणाचं ते सांगू शकत नाही. माझी अवस्था दोन घरच्या किल्ल्या एकाच खिशात असल्यासारखी झाली आहे.

मी फक्त एवढंच सुचवतो की स्टुलाची जागा मोजलीत ते उत्तम केलंत, पण कुंडी गोल आहे. जागा न सोडता ती फिरू शकते. कुंडीच्या काठावर आणि स्टुलावर खडूची एकेक रेघ मारा आणि सकाळी बघा. जे दिसेल त्याच्यावर रागावू नका. बसून विचार करा, की असं कोणी कशासाठी करेल.

शेवटचं वाक्य दोनदा वाचा, ही विनंती.

खिडकी पश्चिमेची आहे. पण आत्याला बाथरूमही चालेल असं कळतं.

तुमचा,
शब्दोबा


११ मार्च

भाचेबुवा,

खडूच्या रेघा मारल्या. सकाळी कुंडीची रेघ भिंतीकडे आणि स्टुलाची दाराकडे. झाड फिरत नाही. तुझी आत्या फिरवते.

मोजणी चालू असताना खुंट्या हलवणारी माणसे मी पाहिली आहेत. ती माझ्या घरात निघावीत याचे वाईट वाटते. स्वतःचे म्हणणे खरे ठरावे म्हणून कळ्यांना पीळ घालण्याचा हा डाव आहे. शिवणाच्या बाई, दुसरे काय करणार?

शेवटचे वाक्य एकदाच वाचले.

आतोबा


१३ मार्च

शब्दोबा,

संपलं सगळं. सात कळ्या उमलल्या. एकीचा ओठ वर, एकीचा डावीकडे, एकीचा उजवीकडे, दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या. लग्नाच्या फोटोत रुसलेली मंडळी असतात तसा दांडा दिसतोय. आठ वर्षं वाट बघून हे.

आणि कारण काल दुपारी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला झोप लागली नाही म्हणून उठून आले, तर हे पट्टा लावून, दात आवळून, चोरपावलांनी कुंडी फिरवतायत. मी विचारलं, काय चाललंय? हो, मी बोलले, मीच आधी बोलले. तर मला खडू दाखवतात आणि म्हणतात, "तुझ्या लबाडीचा पुरावा." माझ्या! मी कशासाठी फिरवत होते ते तुला माहीत आहे. ह्यांना सांगावं असं ओठावर आलं होतं, पण त्या खडूकडे बघून गिळलं. आणि हे मात्र निव्वळ माझा प्रयोग मोडायला फिरवत होते. ज्या माणसाने एक पान गळलं तर जेवण टाकलं, त्याने माझ्यावरच्या रागापायी कळ्या नासवल्या. भांडणाचं मला काही नाही, आमचं भांडून कधी काही बिघडलं नव्हतं. पण हा एवढा राग धरून माझ्यासमोर बसला होता आणि मला कळलंही नाही, ह्याचं जास्त वाईट वाटलं.

तिकीट काढलंय. शनिवारच्या गाडीने येते. चाळीस कुंड्या एकदम जमणार नाहीत, तेव्हा सध्या बारा. एकच कळी उमलायची राहिलीय, ती ह्यांना ठेवली.

तुझा शब्द गाळून टाक. आमच्याकडे आता कोणाला लागणार नाही.

आत्या


१७ मार्च, तातडीच्या टपालाने

ती. आत्या आणि ती. आतोबा यांस, एकत्र,

सोबत छपाईपूर्वीचा तपासणीचा कागद आहे. नियमाप्रमाणे एका शब्दाची एकच प्रत निघते, त्यामुळे दोघांनी एका टेबलाशी बसून वाचावी लागेल. मी नियम केलेला नाही, पण आज पहिल्यांदाच मला तो आवडला.

मी तुम्हा दोघांचीही माफी मागतो. सुरुवातीला सांगितलंच होतं की वाक्य नाही तर शब्द नाही. मी जगभराची जुनी पुस्तकं चाळली, हा शब्द वापरलेली वाक्यं मला फक्त तुमच्या पत्रांत सापडली. ती पोटात ठेवायची होती हे मला मान्य आहे. पण माझं पोट लहान आहे, आणि तिकीट शनिवारचं आहे.

नोंद अशी आहे:

'मानवळ (स्त्री.): ऑर्किडच्या कळीने उमलण्यापूर्वी आपल्या देठावर फिरणे. बहुतेक जातींत हा फेरा अर्धा असतो व त्यामुळे वरचा ओठ खाली येतो. काही जातींत तो पूर्ण असून ओठ मूळ जागी परततो. उदा. "ह्यांची मान वळत नाही, म्हणून कळीची मानवळ ह्यांना बसल्या जागी दिसावी एवढ्यासाठी मी रोज सकाळी कुंडी ह्यांच्या खुर्चीकडे फिरवून ठेवते." (एका शिवणाच्या बाईंचे पत्र, २७ फेब्रुवारी.) "तिला मानवळ बघायची फार हौस, म्हणून दुपारी ती पडली की मी कुंडी तिच्या खिडकीकडे वळवतो." (एका निवृत्त भूमापकाचे पत्र, १ मार्च.)'

व्याख्या मी आत्याची घेतली आहे, त्याचं कारण आतोबांना सांगणं भाग आहे. आतोबा, तुम्ही मला एकदा मोजणीला नेलं होतंत. पहिल्या खुंटीपासून निघून, अख्ख्या शेताला फेरा घालून, दुपारी आपण परत त्याच खुंटीवर आलो होतो. मी विचारलं, एवढं फिरून जागेवरच आलो, मग उपयोग काय? तुम्ही म्हणालात, परत बरोबर इथेच आलो, म्हणूनच मोजणी खरी. हे वाक्य मी कोशात घेतलेलं नाही. ते तुमच्याकडेच ठेवा.

सही दोघांची लागेल. किंवा दोघांनी मिळून कागद फाडून टाका, तरी चालेल. पण मिळून फाडा.

तुमचा,
शब्दोबा

ता. क. आतोबा, किटलीच्या झाकणाचं आत्याला मी सांगितलेलं नाही. तिनेच मला सांगितलं होतं.


२५ मार्च

चि. शब्दोबा,

तुझा कागद शुक्रवारी आला. पोस्टमनने सही मागितली तेव्हा मी बारा कुंड्यांना कागद गुंडाळत होते. पाकिटावर दोघांची नावं, म्हणून फोडायला ह्यांच्यासमोर जावं लागलं. ह्यांना चष्मा सापडेना, म्हणून मोठ्याने वाचलं मी. माझं वाक्य वाचताना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मग ह्यांचं आलं. ते अर्ध्यावर आलं आणि अक्षरं दिसेनात. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी येतं असं मी म्हटलं. हे म्हणाले, दुसऱ्यातूनही येतंय.

मग आम्ही दोघं सात वाकड्या फुलांकडे बघत बसलो. हे म्हणाले, "तीस वर्षं लोकांना सांगतोय कुंडी फिरवू नका." मी म्हटलं, "मी पस्तीस." आणि हसायला लागलो ते थांबेना. पट्ट्यामुळे ह्यांना हसताना त्रास होतो, म्हणून जास्तच हसू येत होतं.

तू चुगलखोर आहेस. मोठा हो.

(यापुढील मजकूर माझ्या अक्षरात आहे. भाचेबुवा, उरलेल्या एका कळीची नोंद पुढीलप्रमाणे. त्या दिवसापासून कुंडीला कोणीही हात लावला नाही. कळी आधी अर्धी फिरली, तेव्हा मी समाधानी होतो. ती थांबली नाही. फिरत राहिली आणि ओठ पुन्हा वर आला तेव्हा उमलली. तुझ्या आत्याने माझे बोट धरून देठावरून खालपासून वरपर्यंत नेले. पीळ आहे. पूर्ण फेऱ्याचा आहे. व्याख्या मान्य.

मात्र दोन हरकती आहेत. माझे वाक्य तू पुढे छाटले आहेस. 'आवाज न करता परत येऊन बसतो' हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. दुसरे, 'निवृत्त भूमापक' याऐवजी 'शिवणाच्या बाईंचे यजमान' असे छापावे.)

हे मी लिहू नका म्हणत होते. तिकीट परत केलं, सूनबाईला सांग, आंघोळी सावकाश करा. नवी किटली आम्ही पाणी घालायला लावलीय, झाकण नसलं तरी चालतं.

पलीकडच्या झाडालाही दांडा येतोय. ह्या वेळी शेजारचे दोघे बोलावून ती अजस्र खुर्ची माझ्या खिडकीखाली आणून घेतली. स्वयंपाकघरात जायला आता आडवं व्हावं लागतं, पण त्याला इलाज नाही.

सही सोबत पाठवली आहे. आणि तुझ्या कोशात जागा असेल तर तिसरं वाक्य घे. हे आम्ही दोघांनी मिळून लिहिलंय, पहिला अर्धा भाग ह्यांचा आहे: 'मानवळ बघायची असेल तर कुंडी हलवू नये, खुर्च्या हलवाव्यात.'

तुझी आत्या,
तुझा आतोबा